दोन मिनिटांत काय सांगू?

पत्र

नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात राहते. घरात माग आहेत. मी मागासाठी धाग्याच्या कांड्या भरते, हिशेब बघते. टीव्हीवरचे प्रश्नांचे, बक्षिसांचे कार्यक्रम बघायचं मला लहानपणापासून वेड. पुण्याच्या भाच्याने मला गेम शोच्या चाहत्यांच्या एका मंडळात घातलं. रविवारी रात्री सगळे फोनवर व्हिडिओने जमतात. नव्या माणसाने दोन मिनिटं स्वतःची ओळख सांगायची, अशी तिथली रीत. माझी पाळी आली तेव्हा ‘रेंज नाही’ म्हणून मी फोन बंद केला आणि पुढच्या वेळीही तेच केलं. तिथे एकजण स्टुडिओत प्रेक्षकांत बसून आलेत, एक बाई ऑडिशनपर्यंत पोचलेल्या, अमेरिकेतले एक गृहस्थ तिकडचे जुने भाग तोंडपाठ सांगतात. मी बारावी झालेली, कुठल्याच शोमध्ये गेलेली नाही. आमचं बोलणं कन्नड मिसळलेलं, पुण्याची मंडळी हसतील. मिस्टर म्हणतात, “शोमध्ये गेलीच नाहीस तर ओळख कसली सांगणार?” शिवाय मंडळातल्या एकाने मला वेगळा मेसेज केलाय : जन्मतारीख आणि आधार पाठवा, तुमचं नाव पुढे घालतो. पाठवू का?

जाता जाता सांगते, शेजारच्या अक्का कन्नड आहेत. आम्ही दोघी रोज संध्याकाळी एकत्र बघतो, त्यांच्या कन्नड वाहिन्या आणि माझ्या मराठी-हिंदी. पर्याय यायच्या आधी उत्तर दिलं तर दोन गुण, नंतर दिलं तर एक. हरणारीने चहा करायचा. यात सांगण्यासारखं काही नाही हे मला कळतं. पण मग सांगू काय?

– रेंज नसलेली, वडगाव

उत्तर

ताई,

आधी तातडीचं. आधार पाठवू नका. जन्मतारीख नको, आणि बँकेचं तर नावच काढू नका. ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. अमिताभ बच्चन यांचा फोटो, खोटा शिक्का आणि शेवटी ‘कर भरा, मग रक्कम मिळेल’. पोलिसांनी वेळोवेळी सांगूनही लोक पैसे भरतात. त्या कार्यक्रमाची लॉटरी नसते. तिथे जायचं तर वाहिनी नोंदणी जाहीर करते तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायचं. मधला माणूस नाव ‘पुढे घालतो’ असं काही त्यात नाही. ज्या मंडळात सगळेच अशा कार्यक्रमांचे वेडे, तिथे असा एखादा घुसणारच. गूळ तिथे मुंगळा. मेसेज जपून ठेवा आणि मंडळ चालवणाऱ्यांना दाखवा. आधीच काही पाठवून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, लाजू नका. मंडळ मात्र सोडू नका. एका लबाडापायी बाकीच्यांना का सोडायचं?

आता ओळखीचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात तुमच्याकडे काय नाही याची यादी आहे, आणि ‘जाता जाता’ म्हणून जे चार ओळींत उरकलंत ती तुमची ओळख आहे. दोन बायका, दोन भाषा, गुणांचा स्वतःचा नियम आणि चहाची पैज. ताई, तुम्ही शोमध्ये गेला नाहीत हे खरं, पण तुमच्या घरात एक शो चालू आहे! पर्यायांच्या आधी दोन गुण आणि नंतर एक, हा नियम कुणी शिकवला तुम्हाला? वाहिन्या असे नियम ठरवायला माणसं पगारावर ठेवतात.

मिस्टरांच्या बोलण्याचा निकाल लावते. शोमध्ये जाणं वेगळं आणि शो बघता येणं वेगळं. अमेरिकेत १९८४ साली ‘प्रेस युअर लक’ नावाचा खेळ चालायचा. मोठ्या फळ्यावर चौकोन असायचे, त्यांच्यावरून दिवा उड्या मारत फिरायचा. खेळाडूने बटण दाबून तो थांबवायचा. चांगल्या चौकोनावर थांबला तर पैसे. ‘व्हॅमी’ नावाच्या भुतावर थांबला तर जमवलेलं सगळं गेलं. सगळ्यांना वाटायचं, नशिबाचा खेळ आहे. ओहायोतल्या मायकल लार्सन या माणसाने घरी बसून भाग टेप केले आणि पुढे-मागे करून बघत राहिला. त्याच्या लक्षात आलं की दिव्याच्या उड्यांचे नमुने पाचच आहेत आणि ते पाठ करता येतात. गडी आइस्क्रीमची गाडी फिरवणारा. कॅलिफोर्नियाला जाऊन तो त्या खेळात बसला आणि रोख-वस्तू मिळून १,१०,२३७ डॉलर घेऊन घरी गेला. त्याने कुठला नियम मोडला का हे वाहिनीने शोधून पाहिलं. सापडेना. पैसे द्यावे लागले, आणि मग नमुने वाढवले. त्या फळ्यासमोर स्टुडिओत किती हुशार खेळाडू येऊन गेले असतील, पण फळ्याकडे नीट बघितलं ते घरी बसलेल्याने. (त्या माणसाचं पुढचं आयुष्य फार बरं गेलं नाही, पण तो आपला विषय नव्हे.) ही गोष्ट त्या अमेरिकेतल्या गृहस्थांना नक्की ठाऊक असणार. तुम्ही मात्र ती ओळखीत सांगू नका. ती मिस्टरांना जेवताना सांगा.

ओळखीत सांगायचं ते तुमचं. चाहत्यांची मंडळं मी थोडी जवळून पाहिली आहेत. तिथे माणसं तुमची पदवी ऐकायला बसलेली नसतात. त्यांना हवा असतो एक धागा, जो पकडून पुढे बोलता येईल. “मला गेम शो खूप आवडतात” यावर कुणी काय बोलणार? तिथे सगळ्यांनाच आवडतात. “आम्ही पर्यायांच्या आधी उत्तर दिलं तर दोन गुण देतो” म्हणालात की लगेच चारजण विचारतील : आणि आधी दिलेलं उत्तर चुकलं तर गुण कापता का? (कापता का? मलाही जाणून घ्यायचंय.)

शिवाय तुमच्याकडे असं एक आहे जे पुण्या-मुंबईच्या फार थोड्यांकडे असेल. ‘करोडपती’ हा एकच खेळ तुम्ही तीन भाषांत बघितलाय. मूळ खेळ ब्रिटनचा, ४ सप्टेंबर १९९८ ला सुरू झालेला. ३ जुलै २००० ला तो स्टार प्लसवर हिंदीत आला आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला. तो मराठी मुलगा म्हणून त्या वेळी आपल्याकडे किती कौतुक झालं होतं, आठवत असेल. पुढे २०१२ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांनी ‘कन्नडद कोट्यधिपती’ सुरू केलं, २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्यासोबत मराठीत आलं, २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे प्रश्न विचारायला बसले. खुर्ची तीच, दिवे तसेच, लाइफलाइन त्याच. पण समोरच्याला बोलतं करण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पुनीत आणि नागराज यांच्या तऱ्हेत काय फरक हे तुम्ही आणि अक्का चहा पिता पिता बोलला असालच. मंडळातल्या बहुतेकांनी यातली एक किंवा फार तर दोन रूपं बघितली असतील. वडगावात बसून तिन्ही दिसतात. केबलवर एक बटण इकडे की झी मराठी, एक बटण तिकडे की कलर्स कन्नड. हे आपल्याला इतकं रोजचं झालंय की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही.

आणि ‘थट् अंत हेळि’! अक्का कन्नड वाहिन्या लावतात म्हणजे दूरदर्शन चंदनवरचं ते लागतच असणार. डॉ. ना. सोमेश्वर २००२ पासून ते चालवतात. बक्षीस काय, तर पुस्तकं. करोड नाही, गाडी नाही, कपाट नाही, बरोबर उत्तराला पुस्तक. इतकी वर्षं पुस्तकांवर चाललेला प्रश्नांचा कार्यक्रम या देशात आहे हे त्या मंडळात कितीजणांना माहीत असेल? आपल्या मराठीत पैठणीवर चालणारा झाला, ‘होम मिनिस्टर’. २००४ पासून आदेश बांदेकर भावोजी दारोदार फिरले आणि अर्धा महाराष्ट्र पैठणीसाठी उखाणे पाठ करायला लागला. पैठणीला मी नावं ठेवत नाही, मिळाली तर मीही नेसेन. पण पुस्तकवाल्या कार्यक्रमाची बातमी तुमच्या तोंडून गेली तर त्या रात्री निदान दहाजण तो शोधून बघतील.

कामाचंही सांगा. माग, कांड्या, लपवू नका. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत खिचडी शिजवण्याचं काम, महिन्याला दीड हजार रुपये मिळायचे. लोकांच्या लक्षात त्या राहिल्या त्या खिचडीसकट. सेटवर त्यांनी ते लपवलं असतं तर आज मला हे वाक्य लिहिता आलं नसतं.

आता भाषेची धास्ती. हसतील का? एखादा हसेल. तुमच्या-माझ्या बोलण्यात ‘होय की’ येतं, ‘काय गे’ येतं, मधेच ‘अक्का’ येते, हेल कन्नडचा पडतो. मी आयुष्यभर बेळगावातच, टिळकवाडीत राहून सदर लिहिते, तरी पुण्याला नातेवाइकांत गेले की एकजण तरी माझी नक्कल करतोच. तो करतो, मी जेवते. तुम्ही त्या दोन मिनिटांत छापील मराठी बोलायला गेलात तर दुसऱ्या वाक्याला अडखळाल, आणि लोकांना हेल नाही तर अडखळणं ऐकू येईल. अक्कांशी बोलता तसं बोला. आणि माफी मागून सुरुवात करू नका. “माझी भाषा अशी तशी, सांभाळून घ्या”, “मी काही मोठी नाही”, “मला फारसं कळत नाही” – ही तीन वाक्यं म्हणेपर्यंत वीस सेकंद जातात आणि ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच की ही बाई घाबरली आहे.

गावाचं नाव घेतलंत की आणखी एक होणार. कुणीतरी विचारेल, “बेळगाव म्हणजे महाराष्ट्रात की कर्नाटकात?” आणि दुसरा कुणीतरी “बेळगावी म्हणा” म्हणून सुधारेल. तिसरा त्या दोघांत पडेल. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तुमच्या दोन मिनिटांत सुटायचा नाही. घरी जे नाव घेता ते घ्या, “कर्नाटकात आहे, घरी मराठी बोलतो, शेजारी कन्नड” एवढं एका दमात सांगा आणि खेळाकडे वळा. भांडण उकरायला आलेल्याला खेळातलं काही विचारलं की तो बहुतेक गप्प होतो. नाही झाला तर तो मंडळ चालवणाऱ्यांचा प्रश्न, तुमचा नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. हे लोक प्रेमळ असतात, पण सालाच्या बाबतीत सावकारासारखे. केबीसी पहिल्यापासून सोनीवर होतं असं चुकून म्हणालात की तीन माइक एकदम सुरू होतील : स्टार प्लस! अमिताभनीच सगळी पर्वं केली म्हणालात तर २००७ चे शाहरुख खान निघतील. म्हणून ओळखीत साल, आकडे, रकमा घेऊच नका. वर मी घेतलेत ते तुमच्या माहितीसाठी, पाठ करण्यासाठी नाहीत. तुम्ही पाहिलं ते सांगा, त्यात तुम्हाला कुणी सुधारू शकत नाही. आणि पहिल्याच दिवशी “शोमध्ये जायला काय करावं लागतं?” हा प्रश्न नको. ऑडिशनपर्यंत गेलेल्या त्या बाईंना तो दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारत असणार.

मसुदा हवा असेल तर हा घ्या. जसाच्या तसा वाचू नका, तुमच्या तोंडात बसेल तसा फिरवा :

“नमस्कार. मी बेळगावच्या वडगावातली. घरात माग आहेत, मी कांड्या भरते. संध्याकाळी शेजारच्या अक्का आणि मी टीव्हीपुढे बसतो आणि आम्हीच खेळतो. पर्याय यायच्या आधी उत्तर दिलं की दोन गुण, नंतर दिलं की एक. हरली तिने चहा करायचा. अक्का कन्नड, मी मराठी, त्यामुळे बसवण्णांच्या वचनांवर प्रश्न आला की त्या पुढे, अभंगावर आला की मी, आणि सिनेमावर आला की दोघींचं भांडण. करोडपती आम्ही हिंदी, मराठी, कन्नड तिन्हीत बघितलंय. तुमच्यात कुणी एकच खेळ दोन भाषांत बघितलाय का? आणि पुस्तकं बक्षीस देणारं ‘थट् अंत हेळि’ कुणी बघितलंय का? मला त्याच्याबद्दल बोलायचंय.”

सावकाश बोललात तरी मिनिटभरात होतं. उरलेलं मिनिट त्यांना बोलू द्या. वचन आणि अभंगाचं मी माझ्या अंदाजाने घातलंय. तुमच्याकडे गुण कशावरून फिरतात ते तुम्हाला ठाऊक, तिथे खरं ते घाला. अक्कांचं नाव, गल्ली, मिस्टरांच्या धंद्याचं नाव यातलं काही सांगायची गरज नाही. कारण वर दिलंच आहे.

बोलून झाल्यावर प्रश्न येतील, त्यातला एक आजच सांगून ठेवते, कारण अशा मंडळात तो कधी ना कधी निघतोच. तीन दरवाजे. एकामागे गाडी, दोहोंमागे बकऱ्या. तुम्ही एक दरवाजा निवडलात. गाडी कुठे आहे हे सूत्रसंचालकाला माहीत आहे. तो उरलेल्यांपैकी बकरीचा दरवाजा उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलणार का? अमेरिकेत १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘लेट्स मेक अ डील’चे सूत्रसंचालक मॉन्टी हॉल, त्यांच्या नावाने हे कोडं ओळखतात. आपल्याकडे त्याच खेळाची हिंदी आवृत्ती ‘खुल जा सिम सिम’ म्हणून अमन वर्मा घेऊन आले होते. उत्तर : बदलायचं. आपण पहिल्यांदा निवडतो तेव्हा तीनांत एकदा बरोबर असतो आणि दोनदा चुकीचे. चुकीचे असू तर उरलेल्या दारामागे गाडी असणारच. म्हणून बदलणाऱ्याला तीनांत दोन वेळा गाडी. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेरिलिन व्हॉस सावंट या सदरलेखिकेने हे छापलं, तर हजारो वाचकांनी तिला चूक ठरवणारी पत्रं पाठवली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. बरोबर तीच होती. (सदर लिहिणाऱ्या बाईवर शिकलेले लोक किती चटकन चढून येतात, याबद्दल मी वेगळं लिहीन.) पटत नसेल तर अक्कांना समोर बसवा. तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली सुपारी. एकदा न बदलता वीस डाव, मग बदलून वीस. आधी चहा करून घ्या, वेळ लागतो.

शेवटी जागेचं. रविवारी रात्री तुमच्याकडे माग बंद असतील तर प्रश्न नाही. चालू असतील तर खटखटीत तुमचं एकही वाक्य पलीकडे पोचणार नाही, आतल्या खोलीत जा आणि इयरफोन लावा. आपली पाळी येईपर्यंत माइक बंद ठेवा. अक्कांना बरोबर बसवायचा मोह होईल, पण पहिल्या रविवारी नको. दोघी एकदम बोललात तर दोन मिनिटं कालचा गुण कुणाचा होता यातच जातील. त्यांना पुढच्या रविवारी आणा. तोवर मंडळी स्वतःच विचारतील, त्या अक्का कुठायत म्हणून.